भिंतींना प्रमाणपत्र, माणसांना काय?

कोनशिला बसवावी, फीत कापावी, चकाकणाऱ्या यंत्रांपुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे आणि दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्रांवर राबणाऱ्या माणसाचे अस्तित्वच विसरून जावे, हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा नित्यविधी होऊन बसला आहे. पूल, रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्या बाबतीत या विधीची किंमत जनता भोगत आलीच आहे. परंतु ज्या वास्तूत निपाह, क्रायमिअन-काँगो रक्तस्रावी ताप आणि माकडताप यांसारख्या रोगांचे जिवंत विषाणू कुलूपबंद करून ठेवलेले असतात, जिच्या आतली क्षणभराची बेसावधता बाहेरच्या वस्तीला महिनोन्महिने भोवू शकते, त्या अतिसुरक्षित प्रयोगशाळांच्या बाबतीतही हाच विधी त्याच उत्साहाने पार पडावा आणि त्याबद्दल कोणालाही खंत वाटू नये, याला अनास्था हा शब्दही अपुरा आहे. हा बेजबाबदारपणा आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत पायाभूत आरोग्य योजनेचा डंका वाजविला. चौसष्ट हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या योजनेत चार नव्या राष्ट्रीय विषाणू संस्था आणि बीएसएल-थ्री, म्हणजे तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या, नऊ प्रयोगशाळा उभारण्याचे वचन आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२२ मध्ये चाकांवर चालणारी बीएसएल-थ्री प्रयोगशाळा नाशिकमध्ये राष्ट्रार्पण झाली आणि पुढच्याच वर्षी निपाहच्या साथीत ती कोझिकोडला जाऊन उभीही राहिली. यांपैकी कशालाही आमचा विरोध नाही. साथ दारात आल्यावर नमुने विमानाने दूरवर पाठवून उत्तराची वाट पाहत बसण्याचे दिवस संपावेत, ही आमचीही इच्छा आहे. परंतु इमारत किती कोटींची हे सांगताना ज्यांचा घसा कोरडा पडत नाही, त्यांनी त्या इमारतीत शिरणाऱ्या तंत्रज्ञाला किती महिने शिकविले, कोणी शिकविले, त्याच्या हाताची परीक्षा कोणी घेतली आणि त्याने ‘थांबा’ म्हटले तर थांबणारा वरिष्ठ तेथे आहे काय, हे तितक्याच खणखणीत आवाजात कधी सांगितले आहे? आम्ही तरी ऐकलेले नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा त्या कोड्याचा, म्हणजेच माकडतापाचा, उलगडा याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी केला. पुढे त्या केंद्राची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये तिच्या पाषाण येथील आवारात बीएसएल-फोर, म्हणजे सर्वोच्च पातळीची प्रयोगशाळा सुरू झाली. तोच माकडताप आज गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात काजूच्या बागांत राबणाऱ्या कष्टकऱ्यांच्या अंगात शिरला आहे. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांच्या रक्तात निपाहच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे याच संस्थेला आढळली आहेत. म्हणजे प्रयोगशाळा हवीच आहे. परंतु ज्यांनी माकडतापाचा शोध घेतला, त्यांच्या पिढीतील काहींना तो ताप प्रयोगशाळेतच जडला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. त्या पानावर धूळ बसू दिली कोणी?

बीएसएल-फोरच्या आत जाणारा माणूस हवा भरलेला सूट अंगावर चढवितो, छतावरून लोंबणाऱ्या नळीतून श्वास घेतो आणि हातमोज्यांच्या एकावर एक थरांतून बोटे चालवितो. बाहेर येताना त्याच्या सुटावर रसायनांचा फवारा होतो. खोलीत निगेटिव्ह प्रेशर, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी दाब, राखलेले असते, हवा हेपा फिल्टरमधून गाळूनच बाहेर पडते, सांडपाणी निर्जंतुक झाल्याखेरीज गटारात जात नाही, कचरा वाफेने निर्जंतुक करणाऱ्या दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधून निघतो. ही सारी व्यवस्था पैसे मोजले की मिळते. परंतु हातमोज्याला पडलेले सुईच्या टोकाएवढे छिद्र ओळखणारा, विषाणू खरोखरच निष्क्रिय झाला की नाही याची पुन्हा एकवार खातरजमा करणारा, मध्यरात्री वीज गेल्यावर ऑटोक्लेव्हचे अर्धवट राहिलेले चक्र लॉगबुकात लिहून ठेवणारा आणि ‘मॅडम, सुई टोचली’ हे चार तासांनी नव्हे तर त्याच क्षणी सांगणारा माणूस कोणत्याही निविदेतून खरेदी करता येत नाही. तो घडवावा लागतो.

आणि तो घडविला नाही तर काय होते, याची साक्ष द्यायला मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेचा इतिहासच पुरेसा आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती लस देशभर जाऊ लागली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी बसली, ठपका परळवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. प्रत्यक्षात मुलकोवालला ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष कागदावर असूनही ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. अखेर १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांना लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडावी लागली. साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका हाताला चिमटा पडल्यावर काय करायचे हे पुरेसे पक्के शिकविलेले नव्हते, त्याने १९ जीव घेतले. आणि दोष व्यवस्थेत न शोधता एका डोक्यावर मारण्याची घाई झाली, तिने एका थोर शास्त्रज्ञाची उमेद मारली. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये आम्ही त्याचे नाव दिले. त्याच्यावरच्या अन्यायापासून घ्यायचा धडा मात्र घेतला नाही.

इंग्लंडकडे पाहा. १९७७ मध्ये सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि जग विजयोत्सवाच्या तयारीला लागले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या जॅनेट पार्कर या महिलेला देवी आल्या. ती देवीच्या विषाणूवर काम करीत नव्हती. ते काम चालणारी प्रयोगशाळा तिच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर होती. विषाणू तिच्यापर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचला याचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला, परंतु सरकारी चौकशीतून जे बाहेर आले ते वादातीत होते: प्रयोगशाळेची रचना निकषांत बसत नव्हती, जागतिक आरोग्य संघटनेने तसे कळविलेले होते, तेथील अनेकांना या कामाचे विशेष प्रशिक्षण नव्हते आणि ती बंद होण्यापूर्वी हातातले संशोधन उरकण्याची घाई चाललेली होती. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक हेन्री बेडसन यांनी अपघाताच्या ओझ्याखाली आत्महत्या केली. काही दिवसांतच, ११ सप्टेंबर १९७८ रोजी, जॅनेट पार्करही गेली. देवीने घेतलेला मानवजातीतील तो शेवटचा बळी. रोग हरला होता. प्रयोगशाळेने त्याला आणखी एक बळी दिला.

त्यानंतरच्या वर्षी, एप्रिल १९७९ मध्ये, सोव्हिएत रशियातील स्वर्दलोव्स्क शहरातील लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन बाहेर पडले आणि किमान ६६ माणसे मेली. सरकारने दूषित मांसाचे कारण जगाच्या गळी उतरविले आणि १९९२ पर्यंत ते रेटले. सोव्हिएत जैवशस्त्र कार्यक्रमात वरिष्ठ पदावर असलेल्या केन अलिबेक यांनी पुढे सांगितलेले कारण मात्र कोणत्याही कचेरीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल असे आहे: तुंबलेला फिल्टर काढला होता, तशी चिठ्ठी एकाने लिहून ठेवली होती, पण अधिकृत लॉगबुकात नोंद झाली नाही, आणि पुढच्या पाळीच्या माणसाने यंत्र सुरू केले. ती रशियाची हुकूमशाही होती म्हणून असे घडले, असे समाधान कोणी करून घेऊ नये. २००७ साली लोकशाहीच्या माहेरघरी, इंग्लंडमधील पिरब्राइट येथे, जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा विषाणू फुटक्या सांडपाणी नळातून बाहेर पडला आणि सरे परगण्यातल्या गोठ्यांत पोहोचला. २००१ च्या महासाथीत लक्षावधी जनावरे मारून जो देश नुकता कुठे सावरला होता, त्याच देशातील त्याच रोगाच्या प्रमुख प्रयोगशाळेची ही करामत! नळ जुने झाले आहेत हे ठाऊक होते; पण एका आवारात सरकारी संस्था आणि खाजगी कंपनी शेजारी शेजारी नांदत होत्या आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर टोलवाटोलवी चालली होती. सर्वांना दोष ठाऊक होता आणि तो आपला आहे असे म्हणणारा एकही नव्हता. यालाच नेतृत्वाचा अभाव म्हणतात.

याहून घातक आहे ते मौन. डिसेंबर २००३ मध्ये तैवानच्या एका अतिसुरक्षित प्रयोगशाळेतील अनुभवी संशोधकाला सांडलेला कचरा साफ करताना सार्सची लागण झाली. तो परिषदेसाठी सिंगापूरला जाऊन आला आणि आजार उघड झाला तर संस्थेची नाचक्की होईल या भीतीने ताप अंगावर काढत घरीच बसून राहिला. २००४ मध्ये बीजिंगच्या विषाणू संस्थेत निष्क्रिय झाला असे गृहीत धरलेला सार्सचा विषाणू साध्या प्रयोगशाळेत हाताळला गेला. एका विद्यार्थिनीला लागण झाली, ती आजारी अवस्थेत घरी गेली, तिची शुश्रूषा करणारी तिची आई मरण पावली, आणि लागण एकूण नऊ जणांपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २००६ साली एका संशोधिकेला ब्रुसेला या जिवाणूची लागण झाली. कायद्याने जी बातमी तत्काळ द्यायची ती वर्षभर दडपली गेली, आणि बाहेरच्या एका संस्थेने ती खणून काढल्यावर संशोधन थांबले आणि दहा लाख डॉलरांचा दंड झाला. साम्यवादी असो वा भांडवलशाही, श्रीमंत असो वा गरीब, जेथे चूक सांगणारा अपराधी ठरतो आणि चूक लपविणारा निष्ठावान ठरतो, तेथे विषाणूला बाहेर पडायला दार लागत नाही.

आता आमच्या घरात काय चालले आहे ते पाहू. नियम नाहीत असे नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली घातक सूक्ष्मजीवांविषयीचे १९८९ चे नियम आहेत, संस्थांतर्गत जैवसुरक्षा समित्या आहेत, जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, बीएसएल-थ्रीला प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. हवेचा दाब मोजला जातो, फिल्टरची चाचणी होते, दाराची फट तपासली जाते. पण दाराआडच्या माणसाचे काय? विज्ञानाचा पदवीधर एखाद्या प्रकल्पावर नेमला जातो. चार-सहा दिवसांचे प्रशिक्षण, हातात प्रमाणपत्र, समूह छायाचित्र. जे काही शिकायचे ते वरिष्ठ सहकाऱ्याच्या शेजारी उभे राहून, त्याला वेळ असला तर. हात बसू लागतो न लागतो तोच प्रकल्पाचा कालावधी संपतो आणि त्याच्याबरोबर तो हातही बाहेर पडतो. नव्या प्रकल्पाला नवा हात, नवे प्रमाणपत्र, नवे छायाचित्र. ऑटोक्लेव्ह चालविणारा, वीज सांभाळणारा, कचरा उचलणारा हे तर बहुधा ठेकेदाराचे. त्यांना जैवसुरक्षेची पुस्तिका इंग्रजीत मिळाली तरी नशीब. ज्ञान संस्थेत साचतच नाही. ते गळत राहते.

आणि शिखरावर? शोधनिबंधांची संख्या आणि सेवाज्येष्ठता यांच्या जोरावर जो वर चढला, तो आपोआप सुरक्षेचाही नेता ठरतो, हा आमचा समज. उत्तम विषाणुतज्ज्ञ हा उत्तम प्रयोगशाळाप्रमुख असेलच, असे नाही. माणसे शिकविणे, थकलेल्याला घरी पाठविणे, मंत्रालयातून ‘अहवाल आज रात्रीच हवा’ असा दूरध्वनी आला तरी ‘उद्या मिळेल’ असे ठणकावणे, आणि चूक कबूल करणाऱ्या कनिष्ठाची पाठ सर्वांसमोर थोपटणे, ही वेगळीच विद्या आहे आणि ती शिकवावी लागते. त्यात पुन्हा प्रभारी पदांचा रोग. जो आज आहे आणि उद्याच्या आदेशाने जाईल, तो कोणाशी वैर घेईल? जैवसुरक्षा अधिकारी नावाचे पद जेथे आहे तेथेही ते एखाद्या शास्त्रज्ञाच्या गळ्यात मूळ कामाखेरीज अडकविलेले जादा लोढणे असेल, तर ज्याची वार्षिक गोपनीय नोंद प्रमुख लिहितो त्याने प्रमुखाचाच प्रयोग बंद पाडावा, ही अपेक्षा कोणत्या भाबड्याने करायची?

या उदासीनतेवर जी फुले उधळली जातात, त्यांनी तर संताप अनावर होतो. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवले. दरवर्षी त्यांच्या प्रतिमेला हार घालणारे हात, आजच्या रोगांशी झुंजणाऱ्यांच्या संरक्षणाची फाईल मात्र पुढे सरकवीत नाहीत. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमिअन-काँगो तापाच्या रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिका दगावले, २०१८ मध्ये केरळात निपाहने लिनी या परिचारिकेला नेले. श्रद्धांजलीची भाषणे झाली. २०२० च्या जानेवारीत कोरोनाच्या तपासणीसाठी पुण्याच्या संस्थेकडे देश डोळे लावून बसला होता. जून संपता संपता हजारावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्या कोणाच्या बळावर? रात्री-अपरात्री, घामाने चिंब झालेल्या पोशाखात, घशातले नमुने हाताळणाऱ्या, बहुधा कंत्राटी, तंत्रज्ञांच्या बळावर. २२ मार्चच्या सायंकाळी त्यांच्यासाठी देशाने थाळ्या बडविल्या. साथ ओसरल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांना मुदतवाढही मिळाली नाही. गौरव फुकट असतो म्हणून तो मुक्तहस्ते वाटला गेला. नोकरीला आणि प्रशिक्षणाला पैसे लागतात, तेथे हात आखडला.

कोणी म्हणेल, आमच्याकडे अजून बर्मिंगहॅम झालेले नाही, मग ही ओरड कशासाठी? अमेरिकेतही असेच म्हणत असत. जून २०१४ मध्ये अटलांटाच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे साऱ्या जगाला जैवसुरक्षेचे पाठ देणाऱ्या संस्थेत, पुरता न मेलेला अँथ्रॅक्स खालच्या पातळीच्या प्रयोगशाळांत गेला आणि पाऊणशेच्या वर कर्मचारी धोक्यात आले. सुदैवाने कोणाला लागण झाली नाही. परंतु त्या संस्थेने प्रयोगशाळा बंद केल्या, अहवाल प्रसिद्ध केला, संचालक लोकप्रतिनिधींपुढे उभे राहिले. आणि पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना सुरक्षा, गुणवत्ता आणि नेतृत्व यांत दोन वर्षे घडविणारी स्वतंत्र पाठ्यवृत्ती सुरू झाली. रोगांचा माग काढणारे अधिकारी घडविण्याची अमेरिकेची पद्धत आम्ही २०१२ साली उचलली. प्रयोगशाळेचे नेते घडविण्याची पद्धत उचलायला आम्ही आमच्या अँथ्रॅक्सची वाट पाहत आहोत काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली, निरुपद्रवी सूक्ष्मजीवांवर महिनोन्महिने हात बसल्याखेरीज आणि राष्ट्रीय परवाना मिळाल्याखेरीज कोणीही उच्च सुरक्षेच्या दाराआड पाऊल टाकू नये, आणि तो परवाना दरवर्षी परीक्षा देऊन टिकवावा लागावा. ऑटोक्लेव्ह चालविणाऱ्यापासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाला त्याच्या भाषेत हे शिक्षण मिळावे. ज्या हातांवर शहराचा जीव अवलंबून आहे ते हात कंत्राटी नसावेत. प्रत्येक प्रयोगशाळेत काम थांबविण्याचा अधिकार असलेला पूर्णवेळ जैवसुरक्षा अधिकारी असावा आणि त्याची नोंद प्रयोगशाळाप्रमुखाने लिहू नये. प्रमुखपद नेतृत्वाचे रीतसर शिक्षण घेतलेल्यालाच मिळावे आणि ते प्रभारी राहू नये. लहानमोठा प्रत्येक अपघात, हुकलेला अपघातसुद्धा, सांगणाऱ्याला अभय देऊन राष्ट्रीय पातळीवर नोंदविला जावा आणि तो तक्ता दरवर्षी जनतेपुढे यावा. आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या खर्चातला ठरावीक वाटा आत जाणाऱ्या माणसांच्या शिक्षणासाठी कायद्याने राखून ठेवला जावा. तो वाटा ठेवायला पैसा नसेल, तर इमारत बांधू नये. अर्धशिक्षित हातांत दिलेली सर्वोच्च सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे.

पुण्यातील आणि भोपाळमधील अतिसुरक्षित प्रयोगशाळांत आज जी माणसे निष्ठेने राबत आहेत, त्यांच्या कौशल्याविषयी आम्हाला आदरच आहे. त्यांच्या निष्ठेवर किती काळ जुगार खेळायचा, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने द्यायचे आहे, वैद्यक संशोधन परिषदेने द्यायचे आहे, आणि आपल्या शहराच्या हद्दीत काय चालते हे न विचारणाऱ्या आमच्या आमदार-खासदारांनीही द्यायचे आहे. विषाणूला कंत्राटाची मुदत कळत नाही, प्रभारी पदाची अडचण कळत नाही, अंदाजपत्रकाची चणचण कळत नाही. उद्या चूक एखाद्या तंत्रज्ञाच्या हातून घडेल. गुन्हा तुमचा असेल.